ब्लॅक जाऊ देऊ नका

२००७ साली मराठी बातम्यांची चॅनेलं एकामागून एक सुरू होत होती. मी तेवीस वर्षांची होते, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून नुकतीच बाहेर पडले होते आणि मुंबईत एका चॅनेलमध्ये ट्रेनी म्हणून चिकटले. पहिल्या दिवशी मला पीसीआरमध्ये नेलं. बुलेटिन जिथून प्रत्यक्ष हवेत सोडतात ती थंडगार, अंधारी खोली. तिथल्या सीनियर बाईंनी ओळखपाळख करायच्या आधी एकच गोष्ट सांगितली, "काहीही होऊ दे, ब्लॅक जाऊ देऊ नका."

म्हणजे पाहुणा आला नाही, ओबी व्हॅनचा सिग्नल तुटला, अँकरला ठसका लागला, तरी पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे आणि काहीतरी वाजलं पाहिजे. जुने शॉट लूपवर टाका, फोनो (म्हणजे वार्ताहराचा फोन) जोडा, नाहीतर सरळ ब्रेक घ्या. काळा पडदा आणि शांतता, हे दोन्ही मिळून तीन सेकंदही चालणार नाहीत.

चौदा वर्षं मी हे इमानाने पाळलं. २०२१ मध्ये नोकरी सोडली. आता पुण्यात ऑडिओबुकं करते. वाचणारा माणूस काचेच्या आत, मी काचेच्या बाहेर, कानावर हेडफोन आणि समोर पुस्तक. चॅनेलमधल्या मुलामुलींचे अधूनमधून फोन येतात, "ताई, तुम्ही कसं सोडलंत?" दरवेळी तेच ते सांगून कंटाळले, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. आकडे घातलेत ते निव्वळ सवयीने. चौदा वर्षं रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम, लावला की माणूस किराणाच्या यादीलाही नंबर देतो.

१. खरं कारण आणि सांगायचं कारण वेगळं असतं

एचआरला मी सांगितलं, "नवीन काहीतरी शिकायचंय." आईला सांगितलं, "नाइट शिफ्ट झेपत नाही आता." दोन्ही खोटं नव्हतं. पण सोडायचं ठरलं ते एका दुपारी, आणि ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही.

२१ एप्रिल २०२१. नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि आतले रुग्ण गेले. दुपारी आमच्या पडद्यावर आकडा होता ११. पुढे तो २२ झाला. मधल्या वेळात ग्राफिक्सच्या मुलाने टॉकबॅकवर, म्हणजे आतल्या आत बोलायच्या माइकवर, विचारलं, "मॅडम, आकडा आत्ता बदलू का थोडं थांबू? वाढणारच आहे."

तो निर्दयी नव्हता. डबा न खाता सहा तास खुर्चीवर बसलेला पंचवीस वर्षांचा पोरगा होता. प्रश्न कामाचा होता आणि मी उत्तरही कामाचंच दिलं. "कन्फर्म झाला की बदल. आणि फॉन्ट मोठा कर."

फॉन्ट मोठा कर. रात्री कॅबमधून घरी जाताना सायनचा उड्डाणपूल चढताना मला माझाच आवाज ऐकू आला. रडूबिडू आलं नाही. फक्त वाटलं, ही बाई मला शेजारी म्हणूनसुद्धा आवडली नसती.

२. गुरुवार गेला तरी आपण बदलत नाही

चॅनेलमधला आठवडा गुरुवारी संपायचा. त्या दिवशी टीआरपी यायचा. तेव्हा देशभरातल्या चाळीसएक हजार घरांत बसवलेल्या मीटरवरून ठरायचं की आपण आठवडाभर शहाणे होतो की गाढव. गुरुवारी सकाळी ऑफिसात शिरताना वॉचमनच्या चेहऱ्यावरूनसुद्धा आकडा कळायचा असं आम्ही म्हणायचो. आकडा चढला की पेढे, पडला की मीटिंग. प्रत्येक मीटिंगचा निष्कर्ष ठरलेला: स्पीड कमी पडतोय.

तुम्हाला आठवत असेल, ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतल्या फेरफाराच्या आरोपांचं प्रकरण गाजलं आणि टीआरपी मोजणाऱ्या बार्कने बातम्यांच्या चॅनेलचे आठवड्याचे आकडे देणं थांबवलं. सांगितलं होतं बारा आठवडे. आकडे परत आले ते थेट मार्च २०२२ मध्ये. जवळपास सतरा महिने गुरुवार रिकामा गेला.

मला वाटलं होतं, आता तरी दम खाऊ. आजवर आम्ही सगळे म्हणत आलो होतो ना, "काय करणार, टीआरपीसाठी करावं लागतं." आता टीआरपीच नव्हता. आणि तरी सगळं तसंच चालू राहिलं. तेच लाल पट्टे, तोच धाडधाड आवाज, तीच सहा चौकटींतली भांडणं. उलट आकडा नाही म्हणून दुसऱ्या चॅनेलवर काय चाललंय यावरच जास्त नजर. समोर बारा टीव्ही, बाराही म्यूट, आणि तिकडे लाल पट्टा आला की आपल्याकडे का नाही, हा प्रश्न.

तेव्हा कळलं की जिला मी बळजबरी म्हणत होते ती केव्हाच सवय झाली होती. वरून कोणी सांगायची गरज उरली नव्हती. सोडायचा विचार नाशिकच्या दिवशी पक्का झाला असेल, पण पाया या रिकाम्या गुरुवारांनी घातला होता.

३. आधी कागद, मग भावना

हा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण फोन करणारे नेमकं हेच विचारत नाहीत म्हणून सांगते.

आपण पत्रकार असलो तरी १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वर्तमानपत्रांसाठी केलेला. चॅनेलमधले आम्ही त्यात बसत नव्हतो. प्रेस क्लबात बसून गप्पा पत्रकारांच्या, आणि पगाराच्या चिठ्ठीवर आपण एका खासगी कंपनीचे कर्मचारी. त्यामुळे मला जे मिळालं ते इतर कोणत्याही कंपनीत मिळतं तेच, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी.

माझ्या वेळचा ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा होता. शेवटचा मूळ पगार, त्याला १५ ने गुणा, २६ ने भागा, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. मूळ पगार ३० हजार आणि नोकरी १४ वर्षं असेल तर २ लाख ४२ हजारांच्या आसपास. मूळ पगार हा शब्द नीट वाचा. हातात साठ-सत्तर हजार येत असले तरी मूळ पगार बारीक ठेवलेला असायचा, तो इथे खुपायचा. माझ्या वेळच्या नियमाने पाच वर्षं पूर्ण लागत. एका सहकाऱ्याने साडेचार वर्षांवर तावातावाने राजीनामा फेकला. राग चार दिवसांत गेला, ग्रॅच्युइटी कायमची गेली.

पीएफमधल्या पेन्शनचंही तसंच. दहा वर्षांच्या आत सोडलं तर पेन्शनचा भाग काढून घेता येतो. दहा झाली की तो काढता येत नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन लागते. माझी चौदा झाली होती. रक्कम ऐकून हसू आलं, पण असू दे, अठ्ठावन्नाव्या वर्षी महिन्याच्या चहाचा तरी खर्च निघेल.

आणि कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. आई-अण्णा त्यात होते. म्हाताऱ्या माणसांची नवी पॉलिसी काढायला गेलं की आधीच्या आजारांना प्रतीक्षेची वर्षं लावतात. म्हणून ती आपली आपण वेगळी आधीच काढून ठेवावी. मी नोटीस पीरियडमध्ये धावाधाव केली. शहाण्याने दोन वर्षं आधी करावी.

नव्या नोकरीत हातात येणारा पगार बावीस हजारांनी कमी होता. नवरा म्हणाला, "मुंबईचं भाडं वाचतंय, त्यात भागेल." भागलं नाही. पण भागवलं.

४. राजीनामा मोठी बातमी असलेल्या दिवशी देऊ नये

कोणी वाचतच नाही. माझा मेल तीन दिवस न उघडलेला पडून होता.

५. ज्याला कंटाळलात त्याची नशाही होती, हे कबूल करा

सोडलेली माणसं पुढे चॅनेलला शिव्या घालताना दिसतात. मला ते पटत नाही. चौदा वर्षं मला कोणी साखळीने बांधलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर २०१९ घ्या. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचं शरद पवारांनी सांगितलेलं. आमच्या रात्रीच्या शिफ्टने सकाळचा रनडाऊन त्याच धर्तीवर लावला, हेडलाइन्स कापल्या, व्हीओ (दृश्यांवरचे आवाज) भरले. गावोगावच्या पेपरांचे मथळेही तेच. सकाळी हॅंडओव्हर देऊन मी कॅबमध्ये बसले. डोळे मिटतात न मिटतात तोच फोन. राजभवनावर शपथविधी चाललाय. देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार. मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. ड्रायव्हर, जो आमच्याकडे दहा वर्षं होता, मी काही बोलायच्या आत म्हणाला, "फिरवू का गाडी?"

फिरवली. चप्पल कुठे काढली ते आठवत नाही, पीसीआरमध्ये अनवाणी उभी होते. रात्रभर लावलेला अख्खा रनडाऊन एका झटक्यात पुसला. दुपारी दोनपर्यंत एकही ओळ कोणी लिहून वाचली नाही. टॉकबॅकवर मी बोलत होते आणि अँकरच्या तोंडून ते बाहेर पडत होतं. तीस तास जागी होते आणि आयुष्यात इतकी जागी कधीच नव्हते.

हे सुख दुसरीकडे मिळत नाही. ऑडिओबुकाच्या स्टुडिओत तर नाहीच नाही. पहिलं वर्षभर कुठेतरी काही मोठं घडलं की माझे पाय आपोआप चपला शोधायचे. दुसऱ्या वर्षी कमी झालं. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेला गेले त्या दिवशी मात्र मी ऑफिसात रजा टाकली आणि घरी बसून चार चॅनेलं बघितली. रनडाऊन कुठे चुकतोय ते नवऱ्याला सांगत होते. तो बिचारा वांग्याचं भरीत करत होता.

६. सगळ्यांचे आभार मानता, माफी कुणाची राहिली ते बघा

निरोपाच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली, फोटो झाले. ज्याला भेटायला हवं होतं तो तिथे नव्हता, कारण तो कधीच ऑफिसात नसायचा.

जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणी आमचे स्ट्रिंगर असतात. पगार नाही, बातमीमागे पैसे. गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं, कॅमेरा बऱ्याचदा त्यांचाच. माइकच्या बूमवर फक्त नाव आमचं. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. सकाळी एसटीचा ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने आला आणि त्याला गाव दिसेना, तेव्हा जगाला कळलं. दीडशेच्या वर माणसं गेली. आमचा तिकडचा स्ट्रिंगर पावसात, चिखलात, रेंज मिळेल तिथे उभा राहून फोनो देत होता. मी दर अर्ध्या तासाला त्याला जोडत होते. मध्ये एकदा तो ऑन एअर गप्प झाला. चार सेकंद, पाच सेकंद. माझ्या पोटात गोळा. मी टॉकबॅकवरून अँकरला सांगितलं, "सिग्नल गेला म्हण, पुढच्या बातमीवर जा."

सिग्नल गेला नव्हता. समोरून एक बाई लेकराला घेऊन आली म्हणून त्याला बोलता येईना. हे त्याने मला रात्री सांगितलं. मी म्हटलं, "हो रे, समजू शकते. दहाच्या बुलेटिनला एक फोनो देशील ना?"

त्या मोसमातली त्याची बिलंसुद्धा कंपनीने पुढे कितीतरी महिने अडकवून ठेवली. मी दोन मेल केले आणि माझं कर्तव्य झालं असं समजले. नोकरी सोडल्यावर वर्षभराने त्याला फोन केला. तो आता खताचं दुकान चालवतो. माळीणचा विषय मी काढला, त्याने पावसाचा काढला. मी माफी मागितली की नाही, हे फोन ठेवल्यावर माझं मलाच नीट सांगता येईना.

७. थांबलेला माणूस अडकलेला नसतो

हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

संधी कशी आली ते आधी सांगते. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल भारतात आली, तेव्हा मराठी पुस्तकं पैसे देऊन कानाने कोण ऐकणार, असं आम्हीच चहाच्या टपरीवर म्हणालो होतो. लोक ऐकू लागले. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये, अमेरिकेत गाडी चालवताना. बघता बघता पुण्या-मुंबईत छोटे छोटे स्टुडिओ उभे राहिले. आमच्या चॅनेलमधला एक साउंडवाला त्यात आधीच गेला होता. त्याने बोलावलं, "तुला कानाने चूक पकडता येते. ये." मी गेले. जागा म्हणजे एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याचा तळमजला. आतल्या खोलीत लाकूड आणि फोमचा खोका बांधलेला, माणूसभर उंच, दोन माणसं मावणार नाहीत इतका. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद, एसी बंद. एप्रिलमध्ये आत बसलेला माणूस उकडलेल्या बटाट्यासारखा बाहेर येतो. सिल्क चालत नाही, सळसळतं. बांगड्या काढून ठेवायच्या. भूक लागली की पोट बोलतं आणि माइकला ते स्पष्ट ऐकू जातं, म्हणून थोडं खाऊन यायचं. आणि वसंतात पहाटे बाहेर कोकिळ सुरू झाला की सगळ्यांनी मुकाट चहा प्यायचा. कवी काय वाट्टेल ते म्हणोत, आमच्या धंद्यात कोकिळाइतका वैताग दुसरा नाही.

माझं पहिलं पुस्तक वाचायला रंगभूमीवरच्या एक ज्येष्ठ बाई आल्या होत्या. सुती साडी, हातात थर्मास, डोळ्यांवर जाड चष्मा. सुरू केलं. पहिलं पान झकास. दुसऱ्या पानावर कादंबरीतल्या आईला मुलाचं पत्र मिळतं. बाईंनी वाचलं, "तिने पाकीट उघडलं." आणि थांबल्या.

एक सेकंद. दोन. माझा अंगठा आपोआप टॉकबॅकच्या बटणावर गेला. "हो, मॅडम, पुढे?"

त्यांनी वर बघितलं. परत वाक्य घेतलं, परत त्याच जागी थांबल्या. मी परत बटण दाबलं. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढले, काचेतून माझ्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाई गं, मी थांबलेय. अडकले नाहीये."

साउंडवाला खाली मान घालून हसत होता. मी सॉरी म्हटलं. त्यांनी पुन्हा वाचलं, "तिने पाकीट उघडलं." थांबल्या. माझे दोन्ही हात मी मांडीखाली घेऊन बसले. अक्षरशः. नंतर मोजलं तर ती जागा अडीच सेकंदांची निघाली. चॅनेलवर अडीच सेकंदांत आम्ही एक अपघात, एक शेअर बाजार आणि एक क्रिकेटचा स्कोअर दाखवला असता.

तेव्हापासून मी त्या जागा मोजत आले आहे. वाक्याच्या शेवटची जागा, परिच्छेदाच्या शेवटची, प्रकरण संपल्यावरची, आणि पात्राला काय बोलावं ते सुचत नाही तेव्हाची. त्या सगळ्या वेगवेगळ्या असतात. नवशिके वाचक त्या सारख्या करून टाकतात, मग आवाज कितीही गोड असला तरी ऐकणारा दहाव्या मिनिटाला झोपतो. आणि मला माळीणचे ते पाच सेकंद आठवतात, ज्यांना मी सिग्नल गेला म्हटलं होतं.

घरीही तेच चाललेलं असणार. पुण्यात आल्यावर दोन महिन्यांनी मुलगी म्हणाली, "आई, तू आता माझं वाक्य संपेपर्यंत थांबतेस." तोवर ती अकरा वर्षांची झाली होती.

८. शिकलेलं वाया जात नाही, पण कामाला येतं ते भलतंच

मला वाटलं होतं, माझी माणसांची ओळख, बातमीची जाण, ताण झेलायची तयारी, हे उपयोगी पडेल. त्यातलं काही लागलं नाही. लागला तो अंदाज. व्हीओ लिहून लिहून मला सवय होती की मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. कुठल्याही पानावर नजर टाकून ते किती मिनिटांचं आहे ते मी सांगू शकते. पंचाहत्तर हजार शब्दांची कादंबरी म्हणजे दहा-साडेदहा तास. त्यावरून स्टुडिओ किती दिवस अडणार, वाचकाचा घसा किती टिकणार, पैसे किती लागणार, सगळं निघतं. ट्रेनी असताना हे स्टॉपवॉच लावून शिकवणाऱ्या त्या सीनियर बाईंचा मी तेव्हा मनातून राग राग केला होता.

आणि सोडून द्यावं लागलं ते 'बघा'. चॅनेलची मराठी 'बघा'वर उभी असते. ही दृश्यं बघा, हा क्षण बघा. चित्र असतं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं तरी चालतं. इथे चित्र नाही. जे आहे ते शब्दात आणि उच्चारात.

उच्चारावरून आठवलं. मराठीत च, ज, झ दोन प्रकारचे आणि लिहायला एकच अक्षर. 'चार' माणसं वेगळा, गुरांचा 'चारा' वेगळा. एका चांगल्या, तरुण, इंग्रजी शाळेतून आलेल्या वाचकाने "जरा आणि मरण" यातली 'जरा' वाचली ती "जरा सरक" मधल्यासारखी. म्हातारपणाची 'थोडंसं' झाली. चॅनेलवर हे कोणाला कळलंही नसतं, मीही सोडून दिलं असतं. इथे आम्ही पुस्तक हातात घेतलं की आधी अख्खं वाचून पेन्सिलीने अशा अक्षरांखाली टिंबं देतो. साडेतीनशे पानांना टिंबं देताना मला माझी शाळेतली बाई दिसते. ती म्हणायची, "अगं, तोंड उघड, ज दाताला लाव." मी तेव्हा खिडकीबाहेर बघायचे.

९. ओळख पडद्याची होती, आपली नव्हती

कधीही न दिसणाऱ्या माणसाचीसुद्धा चॅनेलमध्ये एक वट असते. मी चौदा वर्षांत पडद्यावर एकदाही आले नाही. माहेरी कराडला गेलं की शेजारच्या काकू विचारायच्या, "टीव्हीत आहेस तर दिसत का नाहीस?" पण कोणाच्या सोसायटीत पाणी आलं नाही, कोणाच्या मुलाला बोर्डात चांगले मार्क पडले, की फोन मला. मामाच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेची बातमी लागावी म्हणून मामा दरवर्षी दिवाळीनंतर आंब्याच्या वड्या पाठवायचा. बातमी एकदाही लागली नाही. वड्या मात्र शेवटपर्यंत आल्या.

नोकरी सोडली त्या दिवाळीला वड्या आल्या नाहीत. मी खूप हसले. मग जरा वेळाने तितकं हसू येईना.

शेवटच्या दिवशी मी त्रेचाळीस व्हॉट्सअॅप ग्रुपांमध्ये होते. बाहेर पडायला मला तीन आठवडे लागले. शेवटचा ग्रुप होता 'ब्रेकिंग सकाळ ५ ते १'. त्यातून निघाले तेव्हा कोणी काही लिहिलं नाही, कारण त्याच मिनिटाला कुठेतरी आग लागली होती.

१०. चूक आता पुसून जात नाही

चॅनेलवर चूक झाली की ती चार सेकंदांत वाहून जाते. चुकीचं आडनाव गेलं, चुकीचा जिल्हा गेला, पुढच्या बुलेटिनला दुरुस्त केला, संपलं. कित्येकदा तोही नाही. पुस्तकातली चूक तिथेच बसून राहते आणि कोणीतरी तीन वर्षांनी येऊन तिच्यावर पाय ठेवतो.

आमचे अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. मी चॅनेलमध्ये होते तोवर घरचा टीव्ही त्याच चॅनेलवर, दिवसभर. आवाज नकोसा झाला तरी बदलायचे नाहीत. म्हणायचे, "पोरीचं दुकान आहे." मी सोडल्याचं सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग विचारलं, "म्हणजे आता सह्याद्री लावलं तर चालेल ना?"

मोतीबिंदूनंतर त्यांचं वाचन थांबलं होतं. मी मोबाईलवर ऑडिओबुकं घालून दिली. दुपारी अंगणात पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून ऐकतात. कधी अभिप्राय देत नाहीत. मागच्या महिन्यात सकाळी साडेसातला फोन आला.

"तुमच्या त्या कादंबरीत चूक आहे."

"कुठे, अण्णा?"

"तो माणूस कराडातून ओगलेवाडीला स्टेशनावर निघालाय आणि म्हणतोय कोयनेचा पूल ओलांडला. ओगलेवाडीला जायला कोयना कशाला लागेल? कृष्णा लागते. गाव एवढं दोन नद्यांच्या संगमावर बसलंय आणि तुम्हाला कुठली नदी कुठं ते माहीत नाही? त्या पुलाच्या दुरुस्तीला मी स्वतः उभा होतो."

मी पुस्तक काढून बघितलं. लेखकाने बरोबर लिहिलं होतं, 'कृष्णेचा पूल'. वाचकाने चुकून कोयनेचा वाचला होता. मी काचेबाहेर पुस्तक उघडं धरून बसले होते, जन्म कराडचा, आणि माझ्या कानावरून तो शब्द गेला होता.

वाचक डोंबिवलीला राहतो. फोन केला तर म्हणाला, एका शब्दासाठी पुण्याला यायचं? म्हटलं, ये. शनिवारी आला. त्या प्रकरणाचा जुना तुकडा लावून आवाजाची पट्टी जुळवली, कारण वर्षभरात माणसाचा आवाजही थोडा सरकतो. साउंडवाल्याने आधीचं अर्धं वाक्य ऐकवलं आणि बोट वर केलं.

"कृष्णेचा."

पहिला टेक घाईत गेला. दुसरा बरा होता. तिसरा फारच ठासून. दुसरा ठेवला.